ठकूच्या कमरेचं माप

सोमवार, ३

आलो एकदाच्या! दोन खोल्या, मोठी खिडकी, आणि माझं शिलाई मशीन बरोबर तिच्याखाली बसलं. उद्यापासून गणवेशाच्या कारखान्यात कामाला. लेकीनं, ठकूनं, येताक्षणी पलंगावर उड्या मारल्या. जेवणाचं नाव काढताच मात्र तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. सहा वर्षांची पोर आणि कंबर जेमतेम वीस इंच! हिच्या काळजीनं जीव टांगणीला लागतो. घरमालकीण काकू म्हणाल्या, त्यांची लेकही अशीच होती. आईनं नुसत्या पाण्यावर नऊ दिवस उपास केला की पोर खायला लागते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण करून बघते, माझी तरी चरबी उतरेल.

बुधवार, ५

उपासाचा दुसरा दिवस. ठकूनं आज ताटभर वाटाणे-भात खाल्ला! घाईघाईत हलणारा दातही गिळून बसली. दोघी पोट धरून हसलो. संध्याकाळी मला मळमळायला लागलं. रिकाम्या पोटी पित्त पडेल म्हणून मोरीत वाकले.

वाटाणे पडले. त्यांत एक दुधाचा दात.

शुक्रवार, ७

ठकू अधाशासारखी खाते. ती जेवून उठली की मला उलटी. तिची कंबर सतरा इंच. आणि उपाशी असून माझ्याच ब्लाउजचे हुक लागत नाहीत.

उपास सोडायला पाव खाल्ला. तो तसाच बाहेर आला, मागोमाग ठकूचं दुपारचं जेवण. काकूंना गाठलं. म्हणाल्या, आता उपास मधेच सुटत नाही. तुमची लेक हल्ली कुठे असते, मी विचारलं. त्यांनी मायेनं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

रविवार, ९

डॉक्टरांना काही सापडलं नाही. ठकूचं जेवण बंद केलं. भूक भूक करून रडली. शेवटी भरवलंच — काय करू, आई आहे मी. बारा इंच. टेप तीनदा लावली.

माझ्या पोटात काहीतरी पाय झाडतंय.

बुधवार, १२

नववा दिवस. पलंगावर फ्रॉक. बटणं सगळी लावलेली. आत कोणी नाही.

हाका मारतेय. ठकू ओ देते — पण खोलीतून नाही —

उमासा येतोय. ओकले तर बाहेर येईल — पण जिवंत?

तोंड दाबून धरलंय. उजव्या हातात पेन, डावा तोंडावर. मग घशात ही बोटं —