सीट शिल्लक कशी?

८ सप्टेंबर
ठरवलं. आधी शाळा, मग घर. जानेवारीत शारजातल्या या फ्लॅटचा करार संपतो आणि एप्रिलमध्ये फिझा केजी वनला जाणार. त्याआधी शारजाच्या आणि दुबईच्या शाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. जिथली शाळा चांगली, तिथे राहायला जायचं. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली आणि बी.कॉम. होऊनच उतरलेली मी पहिली. शाळेच्या बाबतीत मला कोणी फसवू शकणार नाही.

अन्वर म्हणाले, साजू, समोर एक शाळा आहे की. बाल्कनीतून दोरीने डबा सोडलास तरी पोचेल. त्यांना सगळं जवळचंच बरं वाटतं. त्यांचं गोडाऊन इंडस्ट्रियल एरियात, इथून जवळ, म्हणून जगात सगळं जवळ असावं. समोरच्या शाळेवर ‘ॲडमिशन्स ओपन’चा भलामोठा बॅनर लावलाय. ताज्या मासळीला ओरडावं लागत नाही, हे आमच्या म्हसळ्याच्या बाजारात पोरंसुद्धा जाणतात. समोरची शाळा बाद.

११ सप्टेंबर
लिफ्टमध्ये शुभ्राताई. चौथ्या मजल्यावर राहतात, पुण्याच्या, बँकेत आहेत. त्यांचा वेदांग रस्त्यापलीकडे दुबईत, अल कुसैसच्या शाळेत दुसरीला जातो. सहज विचारल्यासारखं केलं, की शाळा कशी आहे? म्हणाल्या, ठीक आहे गं.

ठीक! मुलगा रोज जिथे जातो त्या जागेबद्दल माणूस एवढंच बोलतं? शाळा चांगली असेल तर गर्दी नको म्हणून लपवत असतील. वाईट असेल तर आपण फसलो हे लपवत असतील. लपवतायत हे नक्की. फिझा मध्येच म्हणाली, मम्मा वॉन्ट्स टू नो एव्हरीथिंग. शुभ्राताई हसल्या. ते हसणंही मला मोकळं वाटलं नाही.

१७ सप्टेंबर, दुपार
कुसैसच्या शाळेच्या गेटवर जाऊन आले. मुद्दाम सुटायची वेळ गाठली. तेव्हा शाळा बेसावध असते. मुलांचे बूट स्वच्छ. म्हणजे खेळू देत नाहीत. दोघांचे मळलेले. म्हणजे लक्ष नाही.

बाहेर थांबलेल्या आयांना विचारलं. सगळ्या म्हणाल्या, बेस्ट. मुलं आत असताना वाईट कशाला बोलतील? एकटीच म्हणाली, बेकार. तिच्या मुलाला घेतलं नव्हतं. मग ती तरी चांगलं कशाला बोलेल? एकूण खरं बोलणारं कोणी भेटलं नाही.

गार्डने विचारलं, मॅडम, आपका बच्चा कौनसा? म्हटलं, अभी नहीं है. तो माझ्याकडे टक लावून बघायला लागला. सरळ माणूस हल्ली कोणाला ओळखता येत नाही.

२० सप्टेंबर
शुभ्राताईंचा मेसेज, न विचारता. इथे सरकारी माणसं शाळा तपासून शेरा देतात, तो म्हणे बघ. कुसैसच्या शाळेला ‘व्हेरी गुड’. समोरच्या शाळेला ‘गुड’.

मला तपासणी माहीत आहे. आमच्या शाळेत साहेब यायचे तेव्हा गुरुजी मला सातवीतून उचलून पाचवीत बसवायचे. मी एकोणतीसचा पाढा म्हणायचे, साहेब पाठ थोपटायचे, शाळेला ‘उत्तम’ शेरा. त्यात सातवीचा वर्ग ओस पडायचा नाही, तिथे नववीची मुलं असायची. इथले साहेब तसे नसतीलही. पण शेऱ्यावर जायचं नाही.

२९ सप्टेंबर
तरी कुसैसच्या शाळेत नाव घालून ठेवलं होतं. आज त्यांचा फोन. बाई फार गोड बोलत होती, आणि सगळं इंग्लिशमध्ये. सीट आहे, गुरुवारी दोघांनी या, मुलीशी थोडं बोलू, मग मदरशी थोडं बोलू.

सीट शिल्लक कशी? चांगल्या शाळेत सीट शिल्लक राहते का कधी? आणि गोड बोलायची गरज काय? विचार केला आणि मेसेज करून नाही म्हणून कळवलं.

अन्वर म्हणाले, सीट मिळाली म्हणून शाळा सोडणारी तू पहिलीच असशील. म्हटलं, आमच्या घरात बऱ्याच गोष्टी मीच पहिल्यांदा केल्यात.

६ ऑक्टोबर
सापडली! दुबईत पार आत, ऊद मेथा भागात. काउंटरवरच्या बाईने मान वर न करताच सांगितलं, केजी वन फुल, वेटिंग लिस्टसुद्धा फुल. ऐकून इतकं बरं वाटलं. याला म्हणतात शाळा. हट्ट करून फिझाचं नाव वेटिंग लिस्टच्या शेपटाला लावून आले.

अन्वर म्हणाले, ऊद मेथाला राहिलो तर इंडस्ट्रियल एरियात वेळेवर पोचायला मला आदल्या दिवशी निघायला लागेल. ट्रॅफिक बघितलंयस का? शेवटी तडजोड. घर कुसैसला घ्यायचं. तिथून ऊद मेथाला स्कूल बस जाते, आणि त्यांना शारजा लागूनच. मी हट्टी नाही.

१५ ऑक्टोबर
कुसैसचा फ्लॅट ठरवला. चेक देऊन झाले. इथला फ्लॅट सोडतोय म्हणून एजंटला कळवलं. अन्वर जिन्यातसुद्धा म्हणत होते, आधी शाळेचं होऊ दे गं, मग बघू. म्हटलं, माणसात निर्धार हवा. एजंटने विचारलं, खलास, मॅडम? म्हटलं, खलास.

शुभ्राताईंना यातलं काही बोलले नाही. सीट हातात येईपर्यंत बोलू नये, नजर लागते. मी लपवत नाही, फक्त सांगत नाही.

३ नोव्हेंबर
फिझाच्या मुलाखतीची तयारी सुरू. रोज संध्याकाळी खुर्च्या समोरासमोर मांडून. पहिल्या दिवशी मी टीचर झाले. रंग, प्राणी, फळं, सगळं तिला येतं. मग तिलाच टीचर व्हायचं होतं. माझा चष्मा लावून बसली आणि म्हणाली, गुड मॉर्निंग मदर, टेल मी अबाउट युवरसेल्फ.

नेमकी तेव्हा डाळ करपायला लागली. उठावं लागलं.

मुलांची तयारी करताना आईचीही आपोआप होते. सकाळी भांडी घासताना ‘माय नेम इज साजिदा’ पासून हॉबीजपर्यंत अकारण पाठ झालं. फिझा म्हणते, मम्मा, हू आर यू टॉकिंग टू?

१८ नोव्हेंबर
ऊद मेथाहून फोन. एक सीट रिकामी झालीय. मंगळवारी या, मदर मस्ट कम.

कोण सोडून गेलं? इतकी चांगली शाळा का सोडली? वर्गात काही झालं असेल का? आणि मदर मस्ट कम म्हणजे काय? फादर का नाही? म्हटलं, उद्या कळवते. नंतर त्यांचे आणखी फोन आले, घेतले नाहीत. संशय दूर झाल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. अन्वरनी विचारलं, शाळेशी बोलणं झालं का? नाही म्हटलं. हे खोटं नाही. बोलणं व्हायला फोन उचलावा लागतो.

२५ नोव्हेंबर
अम्मीला फोन केला. फिझाच्या शाळेचं काय झालं म्हणून तिने विचारलं. म्हटलं, चौकशी चाललीय, इथे आईचीसुद्धा मुलाखत घेतात. अम्मी घाबरलीच. म्हणाली, अल्ला, बरं झालं माझ्या वेळी नव्हतं. तुला शाळेत शेजारच्या तहसीनआपाने घातलं, ठाऊक आहे ना? मी फाटकापर्यंत यायचे आणि बाहेर फणसाखाली उभी राहायचे. आत गेले आणि मास्तरांनी मलाच काही विचारलं तर?

खूप हसलो दोघी. बिचारी. किती घाबरायची जुनी माणसं.

११ डिसेंबर
पकडल्या! शुभ्राताई लिफ्टमध्ये, हातात समोरच्या शाळेच्या युनिफॉर्मची पिशवी. लपवायला जागाच नव्हती. म्हणाल्या, वेदांग बसमध्ये रोज उलटी करतो गं, दमून घरी येतो, म्हणून एप्रिलपासून समोर घालतोय. आत जाऊन बघितली, शिकवतात चांगलं. सीट पक्की होईपर्यंत बोलले नाही, नजर नको.

नजर नको म्हणे! म्हणजे माझी नजर. तीन महिने मी बाल्कनीतून बघतेय ती शाळा चांगली होती आणि एका माणसाने सांगितलं नाही.

अन्वरना सांगितलं. ते म्हणाले, मी सांगितलं होतं. मी म्हटलं, तुम्ही जवळ आहे म्हणून सांगितलं होतं, चांगली आहे म्हणून नाही. ते जेवायला बसले.

१४ डिसेंबर
समोरचा बॅनर काढला. आता खात्रीच पटली. धावत गेले. केजी वन फुल. काय शाळा आहे!

तिथून तशीच एजंटकडे. म्हटलं, आम्ही घर सोडत नाही. तो म्हणाला, मॅडम, दे दिया ना. स्कूल के सामने है, एक दिन में गया. आणि आपने ही खलास बोला था. माणसं शब्दात पकडतात.

१२ जानेवारी
शुभ्राताईंनीच समोरच्या शाळेत सुपरवायझरशी बोलून ठेवलं. एक कुटुंब भारतात परत चाललंय, एक सीट सुटतेय. मी विचारलं, तुम्ही का एवढं करताय? त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, फिझासाठी गं, वेडी आहेस का? उद्या मुलाखत. या वेळी सीट का सुटली हे मी विचारलं नाही. विचारायचं होतं, पण अन्वर समोर बसले होते आणि त्यांनी बऱ्याच दिवसांत माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. म्हणाले, या वेळी फोन मी उचलणार आणि तुला हात धरून नेणार.

१३ जानेवारी
झालं. मॅडमनी फिझाला रंग विचारले, हत्ती दाखवायला सांगितला. फिझा म्हणाली, दॅट्स ॲन एलिफंट बट द इअर्स आर राँग. मॅडम हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, मदर, एनी क्वेश्चन्स?

मी उभी राहिले. माय नेम इज साजिदा. म्हसळा, रायगड डिस्ट्रिक्ट, बी.कॉम., फर्स्ट इन माय फॅमिली, हॉबीज रीडिंग अँड कुकिंग. न अडखळता, शेवटपर्यंत. कोणी विचारलं नव्हतं हे बसल्यावर लक्षात आलं. अन्वर टेबलाखाली काहीतरी शोधत होते.

मॅडम म्हणाल्या, वेरी नाइस. मग हिंदीत विचारलं, बच्ची खाना खुद खाती है? मी हो म्हणणार तेवढ्यात फिझा म्हणाली, नो, मम्मा फीड्स मी. शेवटचा प्रश्न, घर कहाँ है, बस लगेगी?

अन्वर म्हणाले, कुसैस. बस लगेगी.

दुसरं काहीही विचारलं नाही. चार महिने उगाच… फिझाची तयारी वाया गेली नाही, एवढं खरं.

२ फेब्रुवारी
कुसैसला आलो. नव्या बाल्कनीतून दुसऱ्या बिल्डिंगची बाल्कनी दिसते. अम्मीला फोनवर सांगितलं, शाळा शारजात, घर दुबईत. अम्मी म्हणाली, मग घर बदललंत कशाला? म्हटलं, शाळेसाठी. लाईन खराब होती, नंतर बोलू म्हटलं.

९ एप्रिल
शाळा सुरू झाली. फिझा बसने शारजाला जाते, अन्वर गाडीने शारजाला जातात, वेदांग आमच्या जुन्या घराखालून चालत शाळेत जातो. फिझा घरी येते ती खांद्यावर झोपलेली. आज बसमधून उतरताना तिचे बूट मळलेले होते. खेळू देतात.

नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते, सृष्टी, नाशिकची. तिच्या अंशला पुढच्या वर्षी केजी वनला घालायचंय. फिझाचा युनिफॉर्म बघून लिफ्टमध्ये सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, ही शाळा कशी आहे हो?

मी विचार केला. चांगली म्हणावं तर पोरीला नजर. वाईट म्हणावं तर हिला वाटणार, मग मुलीला का घातलं? शेवटी खरं तेच सांगितलं. म्हटलं, ठीक आहे.

फिझा खांद्यावर डोळे न उघडताच म्हणाली, मम्मा, यू सेड इट्स द बेस्ट.

सृष्टीने माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे, मग परत माझ्याकडे. दुसरा मजला आला तरी उतरली नाही, आमच्या मजल्यापर्यंत आली. लोक इतके संशयी का असतात, मला खरंच कळत नाही.