बरणीतला झिंगा

गुरुवार, डोणगाव

चिमूटभर सांगितलं तर सुधाकरनं वाटीत मूठभर मीठ ओतलं. पोटचा पोरगा, पण कान कुठं ठेवते कोण जाणे. लकव्यानं आमच्या बुढ्याचं बोलणं गेलं, तवापासून नातीनं नदीतून आणलेला झिंगा काचेच्या बरणीत पाहत बसतात. झिंग्याच्या कपाळावर पांढरे किडे लोंबत होते, मुंडावळ्यांसारखे. मिठाच्या पाण्यानं गळतात, म्हणून बुडवला. सुधाकर म्हणे, "माय, झिंगे खायचे असतात." म्हटलं, "बापाले सांग बे हे."

मुंडावळ्या गळल्या खऱ्या, पण झिंगा आडवा झाला. लगेच चांगल्या पाण्यात सोडला. चिमणीच्या उजेडात पाय हलल्यासारखा वाटते. हलला का? मले काय त्याचं?

सकाळी बुढ्यानं बरणीकडे बोट केलं, तर जबाब सुधाकरनंच द्यायचा. मी तोंड उघडणार नाही.