तुमच्या चिरंजीवांनी अडवलेली खिडकी

विहीणबाईंना नमस्कार. (वाकून करायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण गुडघे वाकत नाहीत आणि सध्या मनही वाकत नाही, तेव्हा ताठ उभ्याने केला असं समजून घ्या.) तुमची कंबर, तुमची झोप आणि व्याह्यांचा खोकला कसा आहे ते कळवा. इकडे लेक बरी आहे, नात बरी आहे, आणि तुमचे चिरंजीव तर इतके बरे आहेत की त्यांच्याकडे बघून माझी तब्येत बिघडते.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर माझ्या नावाखाली ‘पुढे पाठवावे’ असं लिहिलंत, त्यावरून तुमची काय समजूत झालीय ते ध्यानात आलं. तर आता चष्मा लावून वाचा. मला कोणीही वृद्धाश्रमात टाकलेलं नाही. मी लेकीच्याच घरी, माझ्याच खाटेवर बसून हे लिहितेय. तुमच्या दवाखान्यात औषधं देतात तिथे तुम्हाला जो कागद मिळाला, ‘आपल्यांनी पाठ फिरवली? आमचं दार उघडं आहे’ असं छापलेला, त्यावरची ती निळी पडलेली, गाल बसलेली, जगाला विटलेली म्हातारी मीच आहे हे खरं. चेहरा माझा आहे. बाकी सगळी करणी तुमच्या चिरंजीवांची. आणि थोडं मागे जाऊन बघायचं तर तुमची, कारण त्यांच्या वाढदिवसाला तो कॅमेरा धाडलात तुम्ही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं आपल्यात उगीच नाही म्हणत. घोडा परवडला असता. तो निदान घराबाहेर बांधता येतो. ‘जिथे असाल तिथे सुखी राहा’ असं तुम्ही शेवटी लिहिलंत, ते माणूस गेल्यावर लिहितात. असो. तुमचा हेतू चांगला होता असं लेक म्हणाली, मी तिच्याशी वाद घातला नाही.

तुम्हाला वाटत असेल, पोरगा हौशी आहे, फुलं काढेल, डोंगर काढेल. छे. ते ‘स्टॉक फोटो’ काढतात. म्हणजे काय ते मला नातीने समजावलं. दुकानात तयार कपडे टांगलेले असतात ना, तसे हे तयार फोटो. कुणाच्या मापाचे नसतात. आधी काढून नेटवर टांगून ठेवायचे, मग ज्याला जाहिरातीत आनंदी बाई हवी तो आनंदी बाई उचलतो, ज्याला दुखरी पाठ हवी तो पाठ उचलतो. तुमचे चिरंजीव दिवसभर विम्याच्या कचेरीत लोकांना मरणाची भीती घालतात आणि सुट्टीच्या दिवशी घरात सफरचंद, स्टेथोस्कोप (खेळण्यातला) आणि रिकामी पाकिटं मांडून त्यांचे फोटो काढतात. मी विचारलं, हे कोण घेणार? म्हणाले, आई, जगात कुणाला कधी काय लागेल सांगता येत नाही. हे बाकी खरं बोलले. मला माझी खिडकी लागेल हे त्यांना सांगता आलं नव्हतं.

कारण फोटोला लागतो उजेड, आणि त्यांच्या मते घरातला एकुलता एक सज्जन उजेड माझ्या खोलीच्या खिडकीतून येतो. (ऊन थेट येत नाही, त्यामुळे सावली मऊ पडते, म्हणे. इतकी वर्षं मी त्या खिडकीत बसतेय, माझी सावली मऊ आहे असं कुणी मला सांगितलं नव्हतं.) तर एक दिवस येऊन गोड आवाजात म्हणाले, आई, आठवडाभर तुमची खाट आत सरकवू का? मी हो म्हटलं. जावयाला नाही कसं म्हणायचं हे शाळेत बहुधा चौथीनंतर शिकवत असावेत, आणि मी चौथीतच बाहेर पडले. खाट गेली कपाटाला चिकटून. खिडकीवर आली पांढरी चादर, चारी बाजूंनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ताणलेली. आठवडा संपला, पुढचाही संपला, चादर काही उतरली नाही. पाहुणा म्हणून आली आणि घरमालकीण झाली.

विहीणबाई, तुम्ही पाय धड असलेल्या बाई आहात, तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगते. माझे गुडघे गेल्यापासून माझं बाहेर जाणं म्हणजे ती खिडकी. खाली बसथांबा आहे. समोर शिंप्याचं दुकान, त्याला लागून किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी. शिंपी आणि किल्लीवाला एकमेकांशी बोलत नाहीत. कधीपासून आणि कशावरून ते कुणाला माहीत नाही, पण मधल्या फुटपाथवर शिंपी आपल्या बाजूचाच कचरा झाडतो आणि केर बरोबर किल्लीवाल्याच्या हद्दीपाशी थांबवतो, आणि किल्लीवाला तो केर पायाने परत ढकलतो. रोज. मला एवढंच बघायचं होतं की यातला आधी कोण बोलतो. माझी पैज होती (माझ्याशीच) की शिंपी बोलेल, कारण त्याच्या बायकोला किल्ल्या हरवायची सवय आहे. आणि नेमकी मी बसले कपाटाकडे तोंड करून. कपाटाला दोन दारं आहेत, एक बंद होतं, एक होत नाही. त्यात पुढे काही घडत नाही.

आता उजेडाची बाकीची सामग्री ऐका. फ्रीजच्या खोक्यातला थर्मोकोल एका बाजूला उभा. दुसऱ्या बाजूला खोक्याचा पुठ्ठा, त्यावर डबे गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवलेला (डबे मग जुन्या वर्तमानपत्रात). माझी छत्री उलटी करून आतून पांढरा कागद लावून पंख्याच्या खालच्या हुकाला टांगलेली. न्हाणीघरातला दिवा काढून त्यात. आणि हा दिवा वस्तूच्या बरोबर डोक्यावर यायला हवा, म्हणून छत्री तिकडे ओढून धरायला कपडे वाळत घालायच्या घोडीला आडवी बांधली माझी काठी. माझी, चालायची. मला न्हाणीघरात जायचं झालं की मी हाक मारायची, मग चिरंजीव काठी सोडणार, मी जाऊन येणार, मग परत बांधणार आणि म्हणणार, आई, सावली हलली. एकदा मी हाक न मारता काठी ओढली. काठी आली, दिवा आला, छत्री आली, आणि घरभर अंधार झाला. (माझं काही बिघडलं नाही. सफरचंद फुटलं.) वायरमन आला, तो बिचारा दमलेला, मी म्हटलं घे बाबा, टेबलावर कॉफी आहे, केलेली आहे, वर फेसही छान आहे. त्याने एका घोटात अर्धा कप संपवला. फेस दाढीच्या साबणाचा होता. फोटो काढेपर्यंत खरा फेस बसतो, म्हणून म्हणे. दिवा लावून जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हा सापळा मी लावला होता. ते पाहणं मला अजून टोचतं आणि त्याचा हिशेबही मी तुमच्याच नावावर मांडलाय.

माणसंही यांना फुकटची लागतात. कचेरीतले दोन साहेब हात मिळवताहेत असा फोटो हवा होता. एक साहेब ते स्वतः (वर कोट आणि टाय, खाली घरातली चड्डी, कारण खालचं येत नाही). दुसरा साहेब म्हणजे त्यांच्याच जुन्या कोटाची बाही घातलेला माझा हात. फोटोचं नाव ठेवलं ‘यशस्वी करार’. त्या साहेबाच्या मनगटावर गुडघ्याच्या मलमाचा डाग आहे, बघणाऱ्याला दिसेल.

आता निळ्या रंगाकडे येते, कारण तुम्ही लिहिलंत की मी ‘खूप आजारी दिसतेय’. चादर चहाच्या रंगाची झाली होती. मला घाण बघवत नाही, मी ती उतरवली, धुतली आणि नीळ घातली. न्हाणीघरातला दिवा छत्रीत, माझी खिडकी चादरीमागे होती आणि आता चादर माझ्या हातात असली तरी न्हाणीघराला खिडकीच नाही, तेव्हा नीळ थेंबभर पडली की वाटीभर हे बघायचं कशाने? पडली वाटीभर. वाळली, मी परत ताणून लावली. उजेड त्यातून गाळून येणार, तो निळाच येणार. चिरंजीवांनी कॅमेऱ्याला आधीच एकदा ‘पांढरं म्हणजे हे’ असं शिकवून ठेवलं होतं, आणि तुमच्या घराण्याची रीतच आहे, एकदा शिकलं की पुन्हा विचारायचं नाही. त्यांनी दिवसभर फोटो काढले. निळी सफरचंदं, निळी लेक, निळा स्टेथोस्कोप. शेवटी एक फोटो माझा, मी कपाटापाशी बसून, जिथे खिडकी होती त्या चादरीकडे बघतेय. मी त्या वेळी मनातल्या मनात कुणाला काय म्हणत होते ते तुम्ही त्यांच्या आई असल्यामुळे लिहीत नाही.

बाकीचे फोटो वाया गेले. हा एक नातीने गंमत म्हणून टांगला. मी त्यावर सही केली होती, कारण माझ्या सहीशिवाय माझा चेहरा विकता येत नाही आणि सही केली तर खाट जागेवर येईल असा शब्द मिळाला होता. आणि विहीणबाई, कॅमेरा घरात आल्यापासून जो एकच फोटो उचलला गेला, तो हा. चिरंजीव धावत आले, डोळ्यांत पाणी, म्हणाले, आई, तुम्ही विकल्या गेलात. लेकीच्या हातातली ताटली पडली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कागद गल्लोगल्ली पोचला. तळमजल्यावरची बाई निरोप द्यायला आली, माझा हात धरून रडली आणि डोळे पुसता पुसता विचारलं की तुमची खाट तुम्ही बरोबर नेणार की इथेच ठेवणार. लेकीच्या कचेरीत दोघी तिच्याशी बोलेनाशा झाल्या. लेक माझ्यापुढे बसून रडली, जसं काही मीच स्वतःला घालवलं. आणि तुमचे चिरंजीव एका कोपऱ्यात उभे, बोलावं की बोलू नये या विचारात, आणि शेवटी बोलले. म्हणाले, आई, असाच आणखी एक मिळाला तर बरं होईल.

मी त्या दिवशी खाटेवरून उठले, भिंत धरत धरत गेले (काठी बांधलेली होती), एकेक चिमटा काढला आणि सांगितलं, खाट खिडकीशी, नाहीतर यापुढे एकाही फोटोवर सही नाही. खाट आली. मी बसले, खाली पाहिलं. किल्लीवाला शिंप्याच्या दुकानात, शिंप्याच्याच खुर्चीवर बसून चहा पीत होता. शिंपी हसत होता. आधी कोण बोललं, काय बोललं, कोणी कुणाचा केर उचलला, काहीएक कळायला मार्ग नाही. मी विचारायला पाठवलं नातीला, ती म्हणाली, आजी, ते म्हणतात असंच झालं. असंच काही होत नसतं. ते मी कपाट बघत होते तेव्हा झालं. हे मी तुमच्या चिरंजीवांना माफ करणार नाही आणि तुम्ही मध्ये पडू नका.

मध्ये पडायचं ते दुसऱ्या ठिकाणी पडा, त्यासाठीच हे लिहितेय. काल त्यांनी खिडकीशी बसलेल्या माझे पुष्कळ फोटो काढले, एकेक मोठा करून बघितला आणि मान हलवली. म्हणाले, आई, इथे बसलात की तुमचा चेहराच बदलतो, तुम्ही कुणी टाकलेल्या वाटतच नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी खाट कपाटाशी नेली तर? मी काठी हातात घेतली (आता ती माझ्याकडे असते). ते बाहेर गेले, पण विचार गेलेला नाही, मला त्यांची पावलं कळतात. तुम्ही आई आहात, तुमचा शब्द ते मोडत नाहीत, माझा मोडायला तर त्यांना कॅमेराही लागत नाही. तेव्हा एका ओळीचं पत्र त्यांना धाडा, की खाट हलवायची नाही, आणि खाली सही करा. तिकडच्या नातवंडांना आशीर्वाद आणि व्याह्यांना नमस्कार सांगा, तो मात्र मनापासून.

तुमची, अजून घरातच असलेली,
विहीण

ता. क. निळीचं तुमच्या चिरंजीवांना बोलू नका. कारखान्यातूनच चादर खराब आली असं त्यांना वाटतं आणि ते दुकानदाराशी रोज भांडतात. त्यात त्यांचा वेळ बरा जातो.

आणखी ता. क. कपाटासमोर बसायला त्यांना आता कोणीतरी लागणारच. मी तुमचं नाव सुचवलंय. तुम्हाला नीळही लागणार नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात या, खाट एक जास्तीची आहे.

शेवटचा ता. क. येताना तो दवाखान्यातला कागद घेऊन या, घडी न घालता, पुठ्ठ्यात ठेवून. इथे आलेले सगळे मी फाडून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी केराच्या डब्यात शोधले तर गेले होते. वरची आश्रमाची अक्षरं मी कात्रीने कापीन. मी गेल्यावर भिंतीवर लावायला घरात माझा दुसरा फोटो नाही, आणि नवा काढायला सांगितला तर ते मला हसायला लावतील. निळी दिसते ती दिसते, पण राग त्यात हुबेहूब उतरलाय.