दोघांनी उचलता येईल असा चढ

५ नोव्हेंबर २००३, परतूर

आज डोकंच फिरलं. औरंगाबादचा प्रशांत म्हणून एक जण दुकानात आला, हौशी जीपवाल्यांच्या टोळीतला. माझ्या हातात वेल्डिंगचा हँडल, तोंडापुढं काळी काच, आन हा मला विचारून राह्यला, "कारागीर कुठं गेले?" म्हणलं, जेवायला गेलेत, तोवर माझ्याशी बोला.

काम मात्र झकास. लोखंडाचा चढ पाहिजे त्यांना. जीपचं एकच पुढचं चाक त्यावर चढवायचं, बाकीची तीन खाली. जीप तिरपी होत जाती. दुसरं एखादं चाक जमीन सोडतं तोवर ती किती वर गेली, ते मोजायचं. जी जास्त वर गेली तिचे स्प्रिंगचे पाटे लवचिक, ती जिंकली. चढाचे दोन तुकडे पाहिजेत. एकेक तुकडा दोघांनी उचलून जीपमदी टाकता आला पाहिजे, ही मुख्य अट.

अण्णा जेवून आले, ऐकलं, म्हणले, "असलं काम आपण न्हाई करत. ट्रॉल्या करतो." मी म्हणलं, मी करते. बापासमोर गिऱ्हाइकाला असं बोलले म्हणून घरी आईची बोलणी खाल्ली.

७ नोव्हें.

आईकडून कळलं. संक्रांत झाली की दुकान बाळूला द्यायचं ठरवलंय अण्णांनी. बाळू, माझा चुलतभाऊ! ज्याला दोन पट्ट्या सरळ जोडता येत न्हाईत! अण्णांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून या दुकानातली प्रत्येक ट्रॉली मी जोडलीय. गावभर नाव काय, तर अण्णांची ट्रॉली. आन मी कोण? लगीन होऊन जाणारी पोरगी. जसं काय लगीन झाल्यावर हात गळून पडतेत.

आईला सांगितलं, हा चढ एकटीनं करून दाखवते, मंग बोला दुकानाचं. आई म्हणली, "दाखव बाई. पण त्यांच्या तोंडी लागू नको." तोंडी न लागता कसं दाखवायचं, ते काही सांगितलं न्हाई.

१४ नोव्हें.

सकाळपासून लाइन न्हाई. दुपारी आली तसं भिडले. पाइपाचे तिकोने जोडून सांगाडा करून राह्यले, वरून जाळीदार पत्रा. हलका आन ताठ.

अण्णा पाठीमागं उभे. "हे काय पापडावाणी? खालून चॅनल टाक, जाड लोखंडाचा." न्हाई टाकणार. आपल्याकडं ट्रॉलीत ऊस कसा भरतेत ते मला माहीत न्हाई का? दुप्पट भरतेत, म्हणून अण्णा एका अँगलच्या जागी दोन घालतेत. बराबर आहे त्यांचं. पण ही ट्रॉली न्हाई ना! याच्यावर ऊस कोण भरणार?

बोलले असं. "लई शहाणी झालीस" म्हणून निघून गेले.

२३ नोव्हें.

आज पहिली परीक्षा. स्टँडवरच्या एका वडापवाल्याची जीप आणली. अण्णांनी नारळ घेतला आन फोडला कुठं, तर नेमका चढाच्या पत्र्यावर! पाणी, हळद, कुंकू, सगळं पत्र्यावर चिखलावाणी. म्हणलं, पुसून घेते. "पूजेचं पुसत असतेत का?"

झालं. चाक अर्ध्यावर गेलं, गरगर फिरलं आन जीप बाजूला घसरून खाली आली. कुणाला लागलं न्हाई. अण्णा सगळ्यांदेखत म्हणले, "बघ. लोखंड कमी पडलं." अरे देवा! सांगाडा केसभर वाकला न्हाई, नारळाच्या पाण्यानं चाक घसरलं! पोत्यानं खसाखसा पुसून काढलं, परत जीप घातली, बिलकुल आरामात चढली.

पण तोवर अण्णा घरात निघून गेल्ते. पडलेलं बघायला होते, चढलेलं बघायला न्हाई.

२ डिसें.

मावसबहिणीच्या लग्नाला घनसावंगीला गेल्ते, आज आले. अण्णांनी चढाला लाल रंग मारून ठेवलाय. खरं सांगते, बरं वाटलं. माझ्या कामाला आपणहून कधी हात लावला न्हाई त्यांनी. चहा करून दिला, दोघं न भांडता बसलो.

६ डिसें.

बरं वाटलं म्हणे! मूर्ख मी.

प्रशांत आन त्याचे दोस्त माल न्यायला आले. दोघं वाकले, एका तुकड्याला हात घातला, तो जागचा हालंना. चौघं लागले तेव्हा कुठं उचलला. एक जण हसून म्हणला, "ताई, हा इथंच पुरायचा का?"

तुकडा उलटा केला. खालून लांबच्या लांब चॅनल ठोकलेला! दुसऱ्यालाही तसाच. आन वेल्डिंग म्हणजे कोंबडी फिरल्यावाणी. बाळूचा हात, लगेच ओळखला. मी लग्नाला गेले ते बघून अण्णांनी बाळूला बोलावून घेतलं आन वरून रंग मारला. मला विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. आन वर तोंड करून त्या लोकांना म्हणले, "पोरीचं काम हाय, म्हणून मजबूत करून घेतलं."

मी ग्राइंडर उचललं. "थांब," अण्णा म्हणले. न्हाई थांबले. सगळ्यांसमोर दोन्ही चॅनल कापून काढले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ठिणग्यांचं न्हाई, रागाचं.

मंग दोघांनी उचलला. प्रशांतची जीप घातली, कोरड्या पत्र्यावर. वर गेली, मागचं चाक हवेत, चढ जागच्या जागी. लोक टाळ्या वाजवायला लागले. मंग फोटो. फोटोत मधी कोण? अण्णा. खांद्यावरचा रुमाल नीट करून उभे राह्यले. मला कुणी बोलावलं न्हाई. अण्णांनीबी न्हाई.

९ डिसें.

घरात बोलणं बंद. जेवताना अण्णाच म्हणले, "चॅनल कापायचे नव्हते."

"तुम्ही लावायचे नव्हते."

"उद्या कुणी पडलं, मेलं, तर नाव कुणाचं जाईल?"

"तुमचं! काम माझं आन नाव तुमचं, मंग भीतीबी तुम्हालाच राहणार. माझं नाव लावा, माझी मी भिते."

ताट सरकवून उठले. आई माझ्यावरच डाफरली. मी माझी भाकर पुरी खाल्ली.

२२ डिसें.

प्रशांतचा फोन. त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या टोळीला तस्साच चढ पाहिजे. "अण्णांना द्या जरा." माझ्या हातात ग्राइंडर डोळ्यांनी बघून गेला, तरी अण्णा! म्हणलं, "अण्णांना यातलं काही माहीत न्हाई. काय विचारायचं ते मला." मंग म्हणला, "बरं ताई, तुम्हीच सांगा."

घेतलं काम. जालन्याला लोखंड सांगितलं, माझ्या नावावर. दुकानदारानं दोनदा विचारलं, नाव काय? दोनदा सांगितलं. मंदा.

१२ जानेवारी २००४

संक्रांत परवावर आली. अण्णांनी आज दुकानाला कुलूप लावलं. सणानंतर बाळू उघडंल म्हणले.

"चावी द्या."

"कशाला?"

"उद्या माझं लोखंड येतंय."

"बघू."

बघू! आजपर्यंत त्यांच्या कोणत्या 'बघू'चं 'हो' झालंय? मी दुपारीच फिरून आले. समोरचा गिरणीवाला लाइन देतो म्हणला. खिडक्या करणाऱ्याकडं वेल्डिंगची मशीन भाड्यानं सांगून ठेवली. लपवून काही केलं न्हाई, आल्याबराबर अण्णांना तोंडावर सांगितलं. उद्या दुकान उघडलं तर माल आत उतरवीन. न्हाई उघडलं तर दारातच, रस्त्यावर उतरवीन आन तिथंच जोडायला बसंन.

अण्णांनी बंडीच्या खिशात चावी चाचपली आन भिंतीकडं तोंड करून बसले. बसू द्या.