उपदेशात माझं नाव

अविनाशदादा,

आज तुले सलाम लिहायचंही मन नाही.

सकाळी चर्चमध्ये उपदेश करताना तू साऱ्या मंडळीसमोर माझं नाव घेतलं. "माझी बहीण पाहा. नवऱ्याले लकवा मारला, तरी हसतमुखानं सेवा करून राहिली." लोकं वळून पाहू लागले आणि मी उठून बाहेर आली. तुले वाटलं असेल, मले रडू आलं. मले संताप आला होता गा.

हसतमुखानं? तुले कोणी सांगितलं? माझा योहान लकव्यानं अंथरुणावर पडल्यापासून तू आमच्या खापरखेड्याच्या क्वार्टरवर एकदाच आला. उभ्याउभ्या प्रार्थना केली आणि चहाही न घेता गेला. काल त्यानं वरणभाताचा घास थुंकला, तेव्हा मी ताटली आपटली. "प्रभू, तुले दुसरी कोणी भेटली नाही काय?" असं देवालेच ओरडून विचारलं. योहाननं चांगला हात उचलून माझ्या गालावरचं वरण पुसलं. मग मी दुसरा घास कालवला.

मंडळीले सांगायचं तर हे सांग ना!

योहानले मी सोडणार नाही. लग्नात देवासमोर 'हो' मी म्हटलं, ते मीच निभावीन. पण दुरून पाहून उपदेशात आमची गोष्ट करायचा हक्क तुले कोणी दिला?

हे पत्र धाडलं तर तू याचाही उपदेश करशील. म्हणून हे धाडणार नाही, फोनच करीन: सोमवारी ये, बाह्या वर कर आणि योहानले एका बाजूनं धर. त्याले आंघोळ घालायले दोघं लागतात.

तुझीच बहीण,
सुहासिनी