भिडू कोण ते सांगायचं नाही

स्लाऊ
१० ऑक्टोबर २००६

प्रिय वरदा,

तुझा ईमेल मिळाला. उत्तर कागदावर देतोय, कारण लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नाही आणि इंग्लिशमध्ये मला हे जमणार नाही. सावकाश वाच. अडलीस तरी आईकडून वाचून घेऊ नकोस.

मिन्सू मिलिटरी सर्व्हिससाठी कोरियाला गेला, तुमच्या स्टुडंट हाऊसमधल्या त्याच्या खोलीत तनया आली, तिला त्याचा तो पत्त्यांचा खेळ, मायटी, शिकवायला बसलात तर तू, मीनल आणि स्वानंद, तिघांचे तीन वेगळे नियम निघाले. हे वाचून हसू यायला हवं होतं. असो. मिन्सूनं सगळ्यांत आधी मला शिकवलं होतं, तेव्हा मी सांगतो तेच खरं.

पाच जण लागतात. बावन्न पत्ते आणि एक जोकर. प्रत्येकाला दहा वाटायचे, तीन मधे पालथे. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, प्रत्येकाचा एक पॉइंट, सगळे मिळून वीस. मग बोली, कमीत कमी तेराची. सगळ्यांत मोठी बोली ज्याची, हुकूम त्याचा. तो मधले तीन उचलतो आणि नको असलेले तीन खाली ठेवतो. इस्पिकचा एक्का म्हणजे मायटी. तो कधीही टाकता येतो आणि कोणाला हरत नाही. इस्पिकच हुकूम असेल तर मात्र चौकटचा एक्का मायटी. त्याच्या खालोखाल जोकर, पण पहिल्या आणि शेवटच्या हाताला त्याला काही किंमत नाही. आणि किलवरच्या तिर्रीनं उतारी करून कोणी मागितला, तर जोकर मुकाट्यानं द्यावा लागतो. मीनल हे दरवेळी विसरते आणि म्हणते, ‘हा रूल तू आत्ता काढलास.’ आत्ता काढलेला नाही. तिला हे पत्र दाखव. एवढंच पान दाखव.

आता मुख्य. बोली जिंकणारा एका पत्त्याचं नाव घेतो. तो पत्ता ज्याच्या हातात, तो त्याचा भिडू. दोघांचे पॉइंट एकत्र मोजायचे, बाकीचे तिघं विरुद्ध. पण भिडूनं तोंडानं काही सांगायचं नाही. पत्ता पडेपर्यंत कोणालाच कळत नाही, बोली जिंकणाऱ्यालासुद्धा. विरुद्ध बाजूचा एखादा आपणच भिडू असल्याचं सोंग करू शकतो, तेही नियमात बसतं. तनयाला हे नीट समजावा, नाहीतर ती चिडेल.

इथलं सांगण्यासारखं फार नाही. ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोडाऊनमध्ये बॉक्सवर लेबलं चिकटवतो. सुपरवायझर सुखदेव म्हणून आहेत, अमरावतीचे, रोज डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवतात आणि कॉलेजचं विचारत नाहीत. युनिव्हर्सिटीचं पत्र आलं होतं, दुसरं वर्ष पुन्हा सुरू करणार का म्हणून. ड्रॉवरमध्ये आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. फोनवर ते सबमिशनचं विचारतात, मी चाललंय म्हणतो.

फेब्रुवारीतला तो डाव तुम्हाला सगळ्यांना चुकीचा आठवत असणार. बदाम हुकूम करून तू चौदा बोललीस आणि भिडू म्हणून मायटी मागितलास. तो माझ्या हातात होता. दुसऱ्याच हाताला स्वानंदनं तुझ्या पत्त्यावर दश्शी वाहिली आणि तू हसून म्हणालीस, ‘थँक्यू पार्टनर, मला माहीतच होतं.’ स्वानंदची आई आणि तुझी आई एकाच हॉस्पिटलात नोकरीला, आपलं सकाळी कळलं तर दुपारी घरी पोचेल, म्हणून कोणाला काही कळू द्यायचं नाही, हे तुझंच म्हणणं. आठ महिने मी ते पाळलं. तुझ्या घरातच तुझ्याशी भाडेकरूसारखा बोललो. आणि तुला माहीतच होतं, तर ते स्वानंद भिडू असल्याचं.

सातव्या हाताला त्यानं किलवरच्या राजानं उतारी केली, त्यावर राणी पडली, दश्शी पडली. मी इस्पिकचा एक्का टाकला असता तर सगळं तुझ्या बाजूला आलं असतं. मी किलवरची छक्की टाकली. तू तेरावर अडकलीस. शेवटच्या हाताला मी एक्का आपटला आणि सगळ्यांसमोर म्हणालो की हा तुझा भिडू, आठ महिने हाच आहे. स्वानंद म्हणाला, ‘चिल, मेट, पत्तेच आहेत.’ मग मी त्याला ढकललं, आणि त्याचं मनगट मोडलं. तुम्हाला वाटतं मी हरल्यामुळे चिडलो. मी तुला मुद्दाम हरवलं होतं. स्वानंदचं सोंग नियमात बसतं, माझी छक्की बसत नाही. युनिव्हर्सिटीच्या चौकशीत हे विचारतील म्हणून मी निघून आलो, हे कोणाला पटणार नाही, पण तसंच आहे.

तू लिहिलंस की आता आईला सांगून टाकलंय. दोन दिवसांनी ती म्हणाली, त्याला जेवायला आण. लपवायचं आता काही नाही. आठ महिने मला एवढंच हवं होतं. लायब्ररीत ते चार वेळा वाचलं. शेजारचा माणूस कुठलासा फॉर्म प्रिंट करत होता, तो कागद मोजत बसलो. राग येतो का पाहिलं, आनंद होतो का पाहिलं. राग गेला तेव्हा बाकीचंही त्याच्याबरोबर गेलं असावं. तुझा चेहरा आठवतो, पण पासपोर्टवरच्या फोटोसारखा.

ईमेलच्या शेवटी तू लिहिलं होतंस, ‘शनिवारी येऊन स्वतः शिकव, पाचवा तूच. यायचं नसेल तर रूल्स लिहून पाठव, मी समजेन.’ सुखदेवांकडे शनिवारची सुट्टी मागितली होती. त्यांनी कारण न विचारता दिली. आज सकाळी मी ती परत केली आणि जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसलो. रूल्स सगळे आलेत, काही राहिलेलं नाही.

तुझाच म्हणवत नाही, तरी,
विक्रांत