माळ्यावर जावई, दारात सिनेमा

आदरणीय व्याहीबुवांच्या चरणी शिंप्याचा नमस्कार. (व्याह्याच्या चरणी लिहावे की नुसता नमस्कार घालावा, यावर घरात वाद झाला. आमची ही म्हणाली, आपण मुलीकडचे, चरणी लिहा, हात झिजत नाही.) आपले गुडघे कसे आहेत? विहीणबाईंचा खोकला हटला का? आमच्याकडे सर्व ठीक आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझे विचाराल तर छातीत धडधड, डोळ्यांपुढे काजवे आणि डाव्या कानात सतत कोणीतरी दार वाजवत असल्याचा आवाज. डॉक्टर म्हणाले कानात मळ आहे. मळ काढला. दार वाजतेच आहे.

पत्र टपालाने न पाठवता दुधाच्या टँकरवाल्याच्या हाती देत आहे. माणूस भरवशाचा आहे. बायकोच्या धाकाने त्याची बोलायची सवयच गेली आहे. वाचून झाले की जाळा. जाळण्याआधी विहीणबाईंना वाचून दाखवा, पण मोठ्याने नको. त्यांना कमी ऐकू येते हे मला ठाऊक आहे, तेव्हा कसे ते तुम्हीच बघा. मुद्द्याची गोष्ट अगदी शेवटी लिहीन. आधी लिहिली तर तुम्ही हातपाय गाळाल आणि पुढचे वाचणारच नाही. (शेवट आधी वाचू नये.)

तर, तुमचे चिरंजीव खुशाल आहेत. होते तिथेच आहेत, म्हणजे माझ्या दुकानाच्या माळ्यावर, अस्तराच्या ताग्यांमागे. डोंगराकडच्या गावात माणसांना घराबाहेर काढून रांगेत उभे करा असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि चालू लागले, एवढेच त्यांनी आमच्या लेकीला सांगितले, तेही एकदाच. पलटण त्यांना शोधते आहे. सापडले तर काय करतील ते तुम्हीही जाणता आणि मीही. लिहायला हात धजत नाही. जावयाला डोक्यावर बसवू नये म्हणतात, आमचा तर खरोखरच बसला आहे. आणि माणूस माळ्यावर लपला म्हणून त्याचे जावईपण थोडेच संपते? ही जिन्यावर उभी राहून कुजबुजत आग्रह करते. दिवसा ते घोरतात. आता जावयाला घोरू नका म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे? ते घोरू लागले की मी खाली मशीन चालवतो, कापड असो वा नसो. गिऱ्हाइके म्हणतात, म्हातारा या वयात काय राबतो!

अशात आमच्याकडे सिनेमावाले उतरले. सिनेमा कशावर, तर सैन्य एका गावात शिरते आणि गरीब गावकऱ्यांवर गोळ्या झाडते, त्यावर. म्हणजे बघा, आगीतून फुफाट्यात म्हणायची सोय नाही, फुफाटा स्वतः चालत घरी आला. परवानगी मिळावी म्हणून ही गोष्ट फार जुन्या काळची आणि कुठल्याच देशातली नाही, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. (कुठल्याच देशातली नाही तर आमच्याच गल्लीत कशाला, असे मी विचारले. दिग्दर्शक म्हणाला, तुमच्या भिंतींचा रंग छान उडालाय.) या दिग्दर्शकाला शिपायांच्या वर्द्या शिवून हव्या होत्या आणि शिंपी मी एकटाच. धरले तर चावते, सोडले तर पळते! नाही म्हणावे तर संशय, हो म्हणावे तर खाली वर्द्या बेतायच्या आणि वर वर्दी टाकून आलेला माणूस. मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत असते तर माझे आयुष्यच वेगळे झाले असते.

मग मापे द्यायला तरुण नट येऊ लागले. वर्दी बसते कशी ते बघायला पायात बूट घालूनच येत. त्यांच्यात कॅप्टनचे काम करणारा एक धिप्पाड गृहस्थ आहे. आम्ही त्याला खोटा कॅप्टन म्हणतो. स्वभावाने इतका मऊ की गल्लीतल्या मांजरालासुद्धा वाट सोडतो, पण आरशापुढे उभा राहिला की वाक्ये पाठ करतो. एकदा तो ओरडला, "एकेकाला बाहेर काढा!" आणि वर धाडकन आवाज झाला. जावईबापू झोपेतून उठून पळायला गेले होते आणि त्यांचे डोके तुळईला आपटले होते. ही मोठी धोरणी. तिने हातातले पातेले जिन्यावरून सोडून दिले आणि मागोमाग स्वतः पायरीवर आडवी होऊन कण्हू लागली. खोट्या कॅप्टनने तिला उचलून खाटेवर ठेवले आणि वर्दीतच बसून तिचा पाय चोळून दिला. त्या दिवसापासून तिला लंगडावे लागते आहे. दुसऱ्या दिवशी तो सहज म्हणाला, "काकू, काल डावा होता ना?"

आता मूळ संकट. सिनेमात एक प्रसंग असा की शिपाई गावकऱ्यांना भिंतीपाशी उभे करतात आणि लपवलेली माणसे कुठे आहेत म्हणून विचारतात. गावकरी म्हणून आमची गल्लीच घेतली. मेकअपवाल्या बाईंनी सगळ्यांच्या तोंडाला माती फासली. माझ्यापाशी आल्या, निरखून बघितले आणि पुढे गेल्या. म्हणाल्या, यांचं झालेलं आहे. दिग्दर्शकाने मला अगदी पुढे उभे केले. मी काहीच बोलायचे नव्हते, जमिनीकडे बघायचे, बस्स. एका बाजूला बेकरीवाला, दुसऱ्या बाजूला शाळेच्या बाई. आणि समोर, कॅमेऱ्याच्या मागे, छत्रीखाली खरे साहेब. (हे लिहायचे राहिले. परवानगीची अट अशी की पलटणीतले एक साहेब रोज येऊन सगळे बघणार. ते खुर्ची टाकून बसतात, बिस्कीट खातात आणि कोणाशी बोलत नाहीत. न बोलणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते. बोलणाऱ्याचीही वाटते.)

तालमीच्या वेळी मी उत्तम गप्प राहिलो. खरोखरचे चित्रण सुरू झाले तेव्हा मात्र बूट वाजत आले, शेजारच्या बाईंना कोणीतरी ढकलले, आणि खोट्या कॅप्टनने बंदुकीची नळी माझ्या हनुवटीखाली धरून असा काही आवाज काढला की मी शिवलेली वर्दी मलाच ओळखू येईना. कोण लपवतंय? बोल! आणि व्याहीबुवा, मी बोललो. म्हणालो, "माझ्याकडे आहे. दुकानाच्या माळ्यावर. जावई आहे हो माझा. मारू नका त्याला, सकाळपासून जेवलासुद्धा नाही." (हे शेवटचे तेवढे खोटे होते. चांगले दोनदा वाढून घेतले होते. आमच्याकडे तुमच्या मुलाची आबाळ होते असे कृपया मनात आणू नका.)

दिग्दर्शकाने मला मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी. हे वाक्य आपल्याला सुचलंच नसतं, म्हणाला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीने मात्र एकही टाळी वाजवली नाही. मला नाटक येत नाही हे गल्लीला पक्के माहीत आहे. पत्ते खेळताना माझ्या हातात काय आहे ते लोक माझ्या कानांच्या रंगावरून सांगतात. बेकरीवाल्याने माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. तेव्हापासून त्याच्याकडून रोज एक पाव जास्त येतो. विचारले तर म्हणतो, चुकून भाजला गेला. न्हावी दुकानात येऊन छताकडे बघत म्हणाला, "काका, कुणाचे केस वाढले असतील तर मला जिना चढता येतो. नाही, आपलं सहज बोललो." कोणीही काही विचारले नाही. मी विश्वास टाकला असता तर एवढे जमले नसते, घाबरून बरळलो म्हणून जमले.

पण छत्रीवाले साहेबही उठून आले होते. चष्मा काढून म्हणाले, छान काम केलंत आजोबा, कुठं शिकलात? मी म्हणालो, घरीच. दुसऱ्याच दिवशी ते एक पँट घेऊन दुकानात हजर. कंबर सैल करायची आहे म्हणाले. मी त्यांच्या कमरेला टेप लावला आणि वर जावईबापू शिंकले. अस्तराची धूळ, दुसरे काय! साहेबांनी मान वर केली. "वर कोण?" मी म्हणालो उंदीर. त्याच क्षणी ही म्हणाली मांजर. वरून दुसरी शिंक आली. मी त्यांच्या पोटाचे माप तिसऱ्यांदा घेतले. मग साहेब म्हणाले, "शनिवारी सकाळी पँट न्यायला येईन. एकटाच येईन असं नाही." आणि गेले. ही धमकी होती की सूचना, यावर घरात दोन तट पडले आहेत. लेक म्हणते सूचना, मी म्हणतो धमकी. ही म्हणते, काहीही असो, शनिवार काही यायचा थांबत नाही.

त्याच दिवशी दुपारी खोटा कॅप्टन आला. स्टुलावर बसून बराच वेळ बटणांशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "काका, ते वाक्य कागदावर नव्हतं. आणि राग मानू नका, पण तुम्हाला ॲक्टिंग येत नाही."

"राग कसला, खरंच आहे ते."

"आमचा एक शिपाई पोट बिघडून पडलाय. ट्रकमध्ये एक जागा मोकळी आहे. शुक्रवारी आम्ही नदीपलीकडे शूटिंगला चाललोय. नाक्यावरचे लोक आमच्या वर्द्या बघून सलाम ठोकतात, मग ओळखून हसतात आणि आडवा बांबू वर करतात. कागद बघत नाहीत."

नदीपलीकडे म्हणजे तुमचेच गाव! मला रडूच कोसळले. त्याने माझाही पाय चोळून देऊ का विचारले.

पण जावईबापू ऐकेनात. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज चढला. ते कापड पुन्हा अंगाला लावणार नाही म्हणाले. मी म्हटले, अहो, हे पलटणीचं नाही, मी शिवलंय. तर म्हणाले, "मामा, बघणाऱ्याला शिवण दिसत नाही." मग लेक वर गेली. ती काय बोलली ते मला ठाऊक नाही, कारण ऐकू येऊ नये म्हणून मी मशीन चालवत होतो. बऱ्याच वेळाने ते वर्दी घालून जिना उतरू लागले आणि नेमकी तेव्हाच ही त्यांचा चहा घेऊन पुढे आली. तिने त्यांना बघितले मात्र, कप हातातून सुटला, आणि दोन्ही हात वर करून ती भिंतीला जाऊन चिकटली. रोज ज्याला वाढते त्या जावयाला बघून! ते अर्ध्या जिन्यात थबकले. खाली येईनात, वर जाईनात. मग हिने हात खाली घेतले, फुटका कप गोळा केला आणि म्हणाली, "कॉलर नीट करा. उद्या ट्रकमध्ये पुढं बसू नका, वारा लागतो."

उद्या शुक्रवार. बाकी विशेष काही नाही. गुडघ्यांना जपा. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि मधल्यांनी आपले ज्यात बसत असेल ते घ्यावे.

आपला,
सदैव घाबरलेला व्याही

ता. क. वर्दी जाळू नका. जाळावीशी वाटेल, शिवताना मलाही वाटली होती. पण ती सोमवारी खोट्या कॅप्टनला परत द्यायची आहे. तो नाही बोलणार, पण त्याला वर्द्यांचा हिशेब द्यावा लागतो. टँकरवाल्याच्या हाती पाठवा.

ता. क. दुसरा. आमची लेकही त्याच ट्रकने येत आहे, मेकअपवाल्या बाईंची मदतनीस म्हणून. शूटिंग आटोपले की ती मागाहून घरी येईल, तिला तिकडेच ठेवून घ्या. शनिवारी इथे मी आणि ही, दोघेच असू. साहेबांची पँट झाली आहे. ते आले की मी काय बोलेन याचा मला भरवसा नाही, पण बोलून सापडण्यासारखे तेव्हा घरात काही नसेल. ही म्हणते, त्या दिवशी तुम्ही खुशाल खरे बोला.

ता. क. तिसरा. मुद्द्याचे राहिलेच. शुक्रवारी अंधार पडायच्या आधी ट्रक तुमच्या गावाबाहेर थांबेल आणि जावईबापू एकटेच पायी घराकडे येतील. वर्दीतला माणूस दिसला की तुमच्या गावात दारे लागतात, हे मी जाणतो. मागच्या खेपेला पलटणीने तुमच्या गावात जे केले त्यानंतर तुम्ही कोणाही वर्दीवाल्याला दार न उघडण्याची शपथ घेतलीत, तेही कळले आहे. बरोबरच केलेत. आणि आमच्या हिने, रोज बघणारीने, ओळखले नाही, तिथे तुम्ही एवढ्या दिवसांनी खिडकीच्या फटीतून काय ओळखणार? ते हाक मारणार नाहीत, शेजारी ऐकतील. म्हणून हिला भिंतीशी बघितल्यावर त्यांनीच एक खूण ठरवली आहे. खरे शिपाई कधी तसे येत नाहीत, त्यामुळे चूक व्हायची नाही. ते दोन्ही हात वर करून चालत येतील. तेवढी एकदा शपथ मोडा, आणि दार उघडा.